स्टँडची वायर, पायाचे नट

"हेल्मेट होतं का?"

हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी मी उत्तर देणं सोडलं. होतं. हनुवटीखाली पट्टा लावलेलं होतं. दोन्ही आरसे होते, लायसन्स खिशात होतं, टायर चांगले होते, वेग तीसच्या आसपास होता आणि मी दारू पीत नाही. डोक्याला ओरखडासुद्धा आला नाही. मोडला तो डावा पाय, गुडघ्याच्या खाली. पायाला काय घातलं होतं, असं मात्र मला कोणीही विचारलं नाही. विचारणार काय? पायासाठी कोणी काही केलेलंच नाही.

मोडलेलं हाड जुळवायला ज्यांच्या पायाभोवती आत्ता लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. धीर द्यायला नाही. धीर देणारे खाटेभोवती पुष्कळ जमतात, आणि त्यातला एकही माणूस दुखणं मोजून सांगत नाही. मी रागात आहे. पण तो राग नेमका कोणावर करायचा, हे कळायला मला फार वेळ लागला आणि तोवर चुकीच्या माणसांना मी बरंच बोलून बसलो. तेवढं तुमचं टळलं तरी पुरे.

पडलो तो दिवस

तेलंगणात, आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमध्ये मी वजनकाट्यावर असतो. कापसाची गाडी भरून येते, वजन घ्यायचं. रिकामी होऊन जाते, पुन्हा घ्यायचं. वजाबाकी राहते तो कापूस. गावात मला काटेवालेच म्हणतात. घर गुडीहत्नूरला आहे. इंद्रवेल्लीच्या रस्त्याला थोडं शेत आहे, ते माझी बायको सुमन बघते.

वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बायांना पाण्याचा कॅन पोचवून मी एकटाच परत निघालो होतो. वाटेत फोन आला म्हणून कडेला थांबलो, गाडी साइड स्टँडवर लावली, बोलणं झाल्यावर बसलो, गिअर टाकला आणि निघालो. स्टँड खालीच राहिला.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. माझ्या गाडीला स्टँडचा स्विच आहे. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. ही गाडी मी त्या स्विचकडे बघून निवडली होती. जुन्या गाडीवर निघताना मी दर वेळी टाच मागे फिरवून स्टँड चाचपायचो. नव्या गाडीवर ती सवय गेली, कारण ते काम गाडी करत होती. त्या दिवशी इंजिन चालू राहिलं, म्हणजे स्टँड वर आहे, असा माझा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. ज्यावर हिशेब केला ती गोष्टच खोटी होती.

आपल्याकडे रस्त्यावर कोणाचा स्टँड खाली दिसला की लोक ओरडतात. तेलुगू बोलणारा असो, गोंडी बोलणारा असो, मराठी असो, शब्द एकच. अनोळखी माणसं हात हलवून, हॉर्न वाजवून सांगतात. चांगली पद्धत आहे, असं मीही समजत होतो. माझ्या मागून गंगाराम नावाचा भाजीवाला गाडीवर वांग्यांची पोती बांधून येत होता. तो जीव तोडून ओरडला.

"ओ काका, स्टँड! स्टँड खाली हाय!"

मी खाली पाहिलं. डावा पाय फूटरेस्टवरून काढला आणि टाचेने स्टँड मागे ढकलायला गेलो. रस्ता तिथेच डावीकडे वळत होता. गाडी डावीकडे कलली, स्टँडचं टोक डांबरात रुतलं आणि गाडी त्या टोकाभोवती फिरून माझ्यावर पडली. पुढे लेग गार्ड होतं, जाड नळीचं. पण ते फूटरेस्टवर ठेवलेल्या पायासाठी असतं. माझा पाय तिथे नव्हता. तो स्टँडकडे गेला होता.

गंगारामने गाडी उचलली. बांधावरच्या जुन्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे वाळलेल्या कापसाच्या झाडांच्या, जाड काड्या मोडून पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या, आपल्या दुपट्ट्याने बांधल्या आणि ऑटो थांबवला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. त्यात काळी माती गेलेली मी स्वतः पाहिली.

स्वतः घसरून

सरकारी दवाखान्यात पोलीस आला. भला माणूस होता. त्याने हिंदीत विचारलं, कोणी ठोकर मारली का? नाही. कुत्रं आडवं आलं? नाही. मग त्याने लिहिलं, स्वतः घसरून पडले. मी म्हटलं, साहेब, स्टँडमुळे पडलो, तसं लिहा. तो म्हणाला, त्याच्यासाठी जागा नाही.

म्हणून या लिखाणात मी कुठलीही टक्केवारी देणार नाही. स्टँडमुळे किती पाय मोडतात हे मला माहीत नाही. ज्याला माहीत असायला हवं त्याच्या कागदावर त्यासाठी रकानाच नाही. न मोजलेली गोष्ट नसल्यासारखीच असते, हे काट्यावरच्या माणसाला सांगायला नको.

तेलुगू नर्स दर फेरीला विचारायची, "नोप्पि?" म्हणजे दुखतं का. मी पहिला तेलुगू शब्द शाळेत शिकलो असेन, पण हा पक्का इथे झाला. भेटायला येणारे शनी, साडेसाती, नजर, एवढ्यावर थांबायचे. एकाने तर विचारलं, "घरून निघतानी पाल तं नाई ना चुकचुकली?" मी म्हटलं, पाल चुकचुकली असेल, पण स्विच चुकला. तो हसला. मी हसलो नव्हतो.

गंगारामही आला. पिशवीत वांगी होती. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, बसेना.

"काका, एक इचारू? मी वरडलो म्हणून पडले काय तुमी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण विचारणारा माणूस खरं ऐकायला आला होता.

"थोडंसं," मी म्हटलं. "तू नसता ओरडला तरी त्या वळणावर पडलोच असतो. पण पाय फूटरेस्टवर असता."

त्याने वांग्यांची पिशवी खाटेखाली ठेवली. "मंग माणसानं काय वरडावं?" एवढंच म्हणाला आणि गेला.

दिलीप

दिलीप माझा धाकटा साळा, सुमनचा भाऊ. गुडीहत्नूरलाच हायवेवर त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. पडलेली गाडी त्यानेच नेली होती. मी त्याला सांगितलं, बाकी काही बघू नको, स्विच का चालला नाही तेवढं बघ.

तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला आणि खिडकीकडे बघून बोलला. "भाऊजी, स्विच चांगला हाय. वायर जोडेल होती."

"कोणी जोडली?"

"मीच. पावसाळ्यात सर्व्हिसिंगले आलती तवा."

गाडी आमच्या काळ्या मातीत गेली की चिखल स्टँडच्या सांध्यात भरतो. स्विचला वाटतं स्टँड खाली आहे. इंजिन बंद. खाली उतरून काडीने चिखल काढावा तेव्हा गाडी पुन्हा चालते. म्हणून पावसाळ्यात लोक गॅरेजात येऊन स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून घेतात. मग स्विच असून नसल्यासारखा. पावसाळा सरला तरी वायर सोडवायला कोणी येत नाही.

"दहा गाड्या येतेत, दहाही लोकं तेच म्हणतेत," दिलीप म्हणाला.

"मी म्हटलं होतं?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो की माझ्या घराची पायरी चढू नकोस. सुमन दाराशी उभी होती. ती भावासाठी एक शब्दही बोलली नाही, हे मला तेव्हा बरं वाटलं होतं.

हाडात पू

जखम भरेना. पट्टी बदलताना वास यायला लागला. हा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तो नाकात राहत नाही, जेवणात येतो. मला नागपूरला हलवलं.

तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. दुसऱ्यांदा धरली तेव्हाच मला समजलं.

"हड्डी में मवाद है," ते म्हणाले. "चार सेंटीमीटर का टुकड़ा मर चुका है. वो तो निकालना ही पड़ेगा."

मग दोन रस्ते सांगितले. एक, गुडघ्याखाली पाय कापायचा; लवकर बरे व्हाल, नकली पायावर चालाल. दुसरा, मेलेलं हाड काढून पायाभोवती कड्या बसवायच्या आणि वरचं चांगलं हाड कापून रोज थोडं थोडं खाली सरकवत ती जागा भरायची; मागे सुटेल त्या फटीत नवं हाड धरतं. महिनोन्महिने लागतील. जुळलं तर जुळलं. पू परत आला तर पाय कापावाच लागेल.

"कितना परसेंट चान्स है?" मी विचारलं.

"देखिए, मैं परसेंट में बात नहीं करता. पैर आपका है."

मला इतका राग आला की कानात आवाज यायला लागला. आयुष्यभर मी लोकांना पाच-पाच किलोचा हिशेब दिला, आणि माझ्या पायाचा हिशेब कोणी द्यायला तयार नाही. आज वाटतं, तो माणूस प्रामाणिक होता. नसलेला आकडा त्याने सांगितला नाही.

सुमनने विचारलं, "काय करायचं?"

"कड्या," मी म्हटलं.

पाव फेरा

कड्या म्हणजे काय, ते बसवण्याआधी कोणी मला नीट सांगितलं नाही. म्हणून सांगतो. बारीक तारा हाडातून आरपार जातात आणि बाहेरच्या गोल कड्यांना ताणून बांधतात. कड्या एकमेकींना आटे असलेल्या सळ्यांनी जोडलेल्या असतात. माझ्या पायाला अशा चार सळ्या होत्या, प्रत्येकीवर सरकवायचा एक नट. नट पूर्ण फिरवला की हाड एक मिलिमीटर सरकतं. पण एकदम एवढं नाही करायचं. दिवसातून चारदा, प्रत्येक वेळी पाव फेरा. दिवसाचा एक मिलिमीटर. चार सेंटीमीटरची दरी, म्हणजे चाळीस दिवस; मग नवं हाड घट्ट होईपर्यंत काही महिने कड्या तशाच.

हे गणित कळलं तेव्हा, खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. इथे एक मोजमाप होतं.

जिथे तारा कातडीत जातात तिथे रोज सलाईनच्या पाण्याने पुसायचं. खपली धरू द्यायची नाही. पायजम्याची शिवण उसवून सुमनने नाड्या लावल्या, कारण साधा पायजमा कड्यांवरून जात नाही. झोपेत दुसरा पाय कड्यांना घासतो. त्याला जाड मोजा घाला. पाव फेऱ्यानंतर तासभर आतून ओढल्यासारखं होतं. ते हाडाचं नाही, मांसाचं आहे. ते होणारच. मात्र तारेच्या तोंडाशी लाली पसरायला लागली, गरम लागलं, तर उद्यावर टाकू नका. हे एवढं जपा, बाकी सगळं सोसता येतं.

पायाच्या समोरचे तीन नट मी घरी स्वतः फिरवायचो. दवाखान्याने दिलेला पाना हातात घेतला आणि बघतच राहिलो. दहा नंबरचा. कुठल्याही गॅरेजात भिंतीवर टांगलेला असतो तोच.

चौथी सळी पोटरीच्या मागे होती. तिथे माझा हात पोचत नसे आणि दिसत नसे. ते काम सुमनकडे. खालून बघितलं की दिशा उलटी होते, ते तिच्या लक्षात राहीना. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी फिल्मवर पट्टी ठेवून दाखवलं की मागची बाजू मागे पडली आहे, हाड तिरपं चाललं आहे. असंच राहिलं तर टोकाला टोक भेटणार नाही.

परत येताना गाडीत सुमन म्हणाली, "दिलीपले बोलवा."

"नाही."

"त्याच्या हातात पाना उलटा नाई फिरत."

"नाही म्हटलं ना."

"मंग कापून घ्या पाय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती कधी असं बोलत नाही.

मागचा नट

सुमनने बोलावल्यावर दिलीप आला. मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, तरी नखांतलं काळं तेल गेलं नाही. जमिनीवर पाठ टेकून झोपला, गाडीखाली झोपतात तसा, आणि माझ्या पोटरीखालून वर बघत नट फिरवला. नटाच्या एका कडेला त्याने लाल रंगाचा ठिपका लावला, म्हणजे पाव फेरा कुठे संपतो ते दिसावं. दिवसातून चारदा गॅरेज सोडून यायचा. गिऱ्हाईक ताटकळायचं.

मी कृतज्ञ होतो का? नव्हतो. ज्या हाताने वायर जोडली तोच हात माझं हाड सरकवतो आहे, हे मला सहन होत नव्हतं. एका दुपारी तो खाली झोपलेला असताना मी बोललोच.

"कोणाला विचारून जोडली होती? एवढं तरी सांग."

"भाऊजी, पाय हलवू नोका."

"मी विचारतोय. मालक मी. मला न विचारता..."

स्वयंपाकघरातून सुमन बाहेर आली. हाताला ज्वारीचं पीठ होतं.

"मी सांगतलं त्याले," ती म्हणाली.

दिलीप खालून बहिणीला म्हणाला, "बाई, राहू दे ना."

"काऊन राहू देऊ? इतके दिवस तो शिव्या खाऊन राह्यला." ती माझ्याकडे वळली. "पावसाळ्यात गाडी बंद पडे. तुमी खाली बसून काडीनं चिखल काढा. मी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चिखलात उभी. दर खेपेले तुमी म्हणा, स्विच चांगला हाय, जरा थांब. किती खेपा थांबू? पंप काही हलका नसते. मीच म्हटलं दिलीपले, जोडून टाक, आन् त्याहिले सांगू नोको."

दिलीपने नट फिरवला आणि पाना पुसला.

"तुमचा तो स्विच बनवणाऱ्यानं," सुमन म्हणाली, "अगुदर एकदा तरी शेतात आणून पाह्यला होता काय?"

ती आत गेली. मला वाटलं होतं की मला तिचा भयंकर राग येईल. आला. पण थोडा वेळच, कारण तिचा प्रश्न बरोबर होता. भरलेला पंप मी स्वतः मिलच्या लहान काट्यावर एकदा ठेवला होता, वीस किलोच्या पुढे गेला होता. हा आकडा मला माहीत होता. तो पाठीवर घेऊन ती माझ्या मागे उभी असते, हे मी त्या आकड्याशी कधी जोडलं नव्हतं.

संध्याकाळच्या पाव फेऱ्याला दिलीप आला तेव्हा पाना मी स्वतः त्याच्याकडे धरला. "मागचा," म्हटलं. माफी मागण्याचं मला येत नाही. त्याला ते माहीत आहे.

कोणावर रागवायचं

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण फक्त स्टँडबद्दल. माझा पाय उशीवर, त्यावर कड्या, आणि आम्ही दोघं वाद घालायचो.

स्विच सांध्याशी, जमिनीजवळ काऊन? वर, सीटखाली ठेवा, एका तारेने स्टँडशी जोडा. दिलीप म्हणाला, तार गंजते. मग रबरी टोपी घाला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने टोपी करून पाहिली. कोरड्या धुळीत टिकली. मग मी म्हटलं, गिअरचा पेडल आणि स्टँड एकाच बाजूला आहेत. पहिला गिअर दाबला की आकडा सुटून स्प्रिंगने स्टँड आपोआप वर जाईल असं का नाही? "आन् उतारावर गिअरमंधी ठेवून उभी करायची असली तं?" दिलीपने विचारलं. ते मला सुचलं नव्हतं. मग स्टँडचं टोक: ते टोकदार, पुढे काढलेलं कशाला? गोल ठेवा, आणि जमिनीला लागलं तर मागे दुमडेल असा कोन द्या. यावर दिलीपने बोटाने जमिनीवर तो कोन काढून पाहिला आणि म्हणाला, "हे होऊ शकते." आणखी एक: लेग गार्ड पुढे आहे, फूटरेस्ट मध्ये आहे, स्टँड मागे आहे. पाय मागे गेला की तो उघडा. पोटरीच्या उंचीवर एक आडवी नळी फूटरेस्टपासून मागे नेली तर गाडी पायावर नाही, नळीवर पडेल. साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या बाईचे पायही तिथेच लटकतात. तिच्यासाठी तर कोणी नळीही दिलेली नाही, चाकात पदर जाऊ नये म्हणून एक जाळी तेवढी.

मी इंजिनियर नाही. यातल्या निम्म्या गोष्टी चुकीच्या असतील. पण यात अवकाशयानाची विद्या कुठे आहे? नळी, स्प्रिंग, रबर, कोन. मी शोरूममध्ये माणूस पाठवून विचारलं. उत्तर आलं की कंपनीच्या पार्टला हात लावू नका. आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात काय आहे? निघण्यापूर्वी स्टँड वर असल्याची खात्री करा. म्हणजे पुन्हा माझीच जबाबदारी. हेल्मेट मी घालायचं, खात्री मी करायची, चिखल मी काढायचा, पडलो तर स्वतः घसरून.

माझा राग आता तिथे आहे. जी वस्तू चिखलात बंद पडते ती लोक तोडणारच. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. वायर जोडणारा दिलीप, सांगणारी सुमन, ओरडणारा गंगाराम, तिघांनीही आपापल्या जागी भलंच केलं होतं. त्या तिघांच्या भलेपणाची बेरीज माझ्या पायावर पडली, कारण मुळातली वस्तू अर्धवट बनवून विकली होती.

टोकाला टोक

हाडाची टोकं भेटली. एका बाजूने नाही, चारी बाजूंनी. डॉक्टरांनी फिल्म एकदाच उजेडाला धरली, या वेळी.

"किसने घुमाया पीछे का नट?" त्यांनी विचारलं.

"साळा," मी म्हटलं. "गॅरेजवाला है."

"दिखता है," ते म्हणाले.

पू परत आला नाही. कड्या निघाल्या. एवढं करूनही पाय दीड सेंटीमीटर आखूड आहे. डाव्या चपलेला तेवढा जाड तळ लावला आहे. उकिडवं बसता येत नाही. थंडीत दुखतो. पण माझा आहे.

कामावर परत गेल्यावर एकदा मिलच्या फाटकातून एक पोरगेला शेतकरी गाडीवर निघाला, स्टँड खाली. काट्याच्या केबिनमध्ये माझ्या ओठांवर तोच शब्द आला होता. मी तो गिळला आणि ओरडलो, "थांब! गाडी थांबव!" त्याने ब्रेक दाबला, पाय टेकले, घाबरून माझ्याकडे पाहिलं. मग मी बोटाने स्टँड दाखवला.

गंगारामला मी फोन करून सांगितलं. माणसाने काय ओरडावं, त्याचं उत्तर मिळालं. स्टँड म्हणू नका, चालत्या गाडीवरचा माणूस खाली बघतो. थांब म्हणा. हे उत्तर गाडी बनवणाऱ्याने द्यायचं होतं. तोवर आपल्या तोंडावर भागवू.

वायरीचं काय करायचं, ते मी सुमनवर सोडलं होतं. तिने भावाला सांगितलं, "सोडव." दिलीपने जोड कापला, स्विच चालू केला आणि वर ट्यूबची रबरी टोपी घट्ट बसवली.

पहिल्या जोराच्या पावसानंतर आम्ही शेतात गेलो. ट्यूबची टोपी टिकली नाही. शेताकडे जाणाऱ्या कच्च्या पांदीच्या मध्यात, घोट्याएवढ्या चिखलात, इंजिन बंद पडलं. सुमन उतरली, पाठीवर पंप. मला उकिडवं बसता येत नाही म्हणून मी एक गुडघा चिखलात टेकला, बाभळीची काडी घेतली आणि सांध्यातली माती काढायला लागलो. हा स्विच इथे बसवणाऱ्या माणसाला, तो ज्या कुठल्या थंड खोलीत बसला असेल तिथून उचलून, या पांदीत आणून उभं करावं, असं मी मोठ्याने म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो.

घाईत काडी मोडली.

"दुसरी घ्या," सुमन म्हणाली. "सावकाश काढा. मी उभी हाओ."